टोक वर, बूड पाण्यात

राजारामपुरी, कोल्हापूर
६ फेब्रुवारी २०२४

अनुजास,

तुझी एक बी आमच्याकडे राहिली आहे. ओट्यावरच्या खिडकीत, काचेच्या ग्लासात, टूथपिक टोचून पाण्यावर तोलून ठेवलेली. जायच्या आधी तू ते ॲव्होकाडो आणलं होतंस आणि प्रसाद म्हणाला होता, ‘साबण खाल्ल्यासारखं लागतंय.’ त्याचीच ही बी. तुझं बाकीचं सगळं सामान टेंपोतून गेलं. ही तेवढी कुणाच्या लक्षात आली नाही. काल भांडी विसळताना मला दिसली. पाणी गढूळ झालं होतं.

तू नऊ वर्षं या घरात सून होतीस. कोर्टाचा निकाल आल्यापासून आता तुझा-आमचा संबंध नाही, असं मला सगळे समजावतात. असेल तसंच. पण बी तुझी आहे, म्हणून विचारते. फेकू की पाठवू? ओली वस्तू टपालात चालत नाही. कुणाच्या तरी हाती द्यावी लागेल.

फोन केला नाही. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं तरी पलीकडून ‘हॅलो’ आलं की मी विसरते. सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर झाली. दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारण्यात हात तरबेज झाला; स्वतः लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घे.

धोंडुआत्यांचा गुडघा कसा आहे?

इरावती

(वर ‘तुझी’ काय लिहावं ते कळेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं.)


राधानगरी
१४ फेब्रुवारी २०२४

ती. काकूंना नमस्कार.

पत्र मिळालं. काय म्हणून हाक मारावी ते मलाही कळलं नाही, म्हणून काकू लिहिलं आहे.

बी फेकून द्या. अशा बिया दहा लावल्या तर चार रुजतात. मी काही विचार करून ठेवली नव्हती. फळ खाल्लं, बी गुळगुळीत दिसली, ठेवली.

मी बरी आहे. आत्याकडेच राहते. गावातल्या दूध संस्थेत आलेल्या दुधाला फॅट लावायचं, म्हणजे त्यातली स्निग्धता मोजायचं काम मिळालं आहे. पहाटे उठावं लागतं, त्यामुळे झोप चांगली लागते. आत्याचा गुडघा पूर्वीसारखाच. उठताना तिला सगळे देव आठवतात.

तुमच्या गोळ्या दुसऱ्या फळीवर, चहाच्या डब्यामागे आहेत. प्रसादना तिथली जागा माहीत नाही.

अनुजा


कोल्हापूर
२० मार्च २०२४

अनुजास,

काकू म्हणालीस. पोस्टात सगळे मला काकूच म्हणायचे. चालेल.

बी फेकली नाही. फेकणार होते. कचऱ्याच्या बादलीपर्यंत नेली आणि मग वाटलं, इतके दिवस पाण्यात बसली आहे, चार दिवस आणखी बसू दे. ग्लास स्वच्छ घासला, पाणी बदललं, बी परत ठेवली. पण महिना होऊन गेला, काही हालचाल नाही. उलट वरून बुळबुळीत झाली आहे आणि जरा वासही येतो. मी टोक पाण्यात ठेवलं आहे. मूळ टोकातूनच येत असणार ना? भोवरा नाही का टोकावरच उभा राहतो.

तुला त्रास द्यायचा नाही. पण हे विचारायला दुसरं कुणी नाही. शेजारच्या कुलकर्णीबाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘पन्नास रुपयांना तुळस मिळते की, ती लावा.’

गोळ्या सापडल्या.

इरावती


राधानगरी
२७ मार्च २०२४

ती. काकू,

अहो, उलटी ठेवलीत! टोक वर आणि रुंद बूड पाण्यात. मूळ बुडातून येतं आणि कोंब टोकातून. आताच्या आता फिरवा. वरचं तपकिरी साल सुटत असेल तर अलगद काढून टाका. बुळबुळीत झालेला भाग बोटाने चोळून धुवा, नख लावू नका. बूड बोटाच्या एका पेराएवढंच बुडवा. पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला. आणि खिडकी तीच राहू दे, तिथं ऊन सकाळचं येतं.

तुमचं पत्र मी आत्याला वाचून दाखवलं. ती केवढ्यांदा हसली! म्हणाली, ‘उलटं टांगल्यावर मानूस तरी जगंल व्हय? सुलटी कर म्हनावं तिला. आन् भवरा काय झाड हाय?’

रागावू नका. तुम्ही तिला भेटलात तेव्हाही ती असंच बोलली होती. लग्नात तुमच्या साडीला ‘पडद्याचं कापड बरं मिळालं’ म्हणाली होती, आठवतं?

मी ‘फेकून द्या’ लिहिलं होतं. तुम्ही फेकली नाहीत, ते बरं केलंत.

अनुजा


कोल्हापूर
९ मे २०२४

चि. अनुजा,

घाबरून लिहिते आहे. बी फुटली. वरपासून खालपर्यंत सरळ भेग पडली आहे आणि दोन फाका सुट्या होतील की काय असं वाटतं. मी काही केलेलं नाही. हातसुद्धा लावला नव्हता, कारण गेले काही दिवस मी तापाने पडून होते. म्हणून पत्रालाही उशीर झाला.

एक सांगू का? अंथरुणातून उठून पहिल्यांदा खिडकीपाशी गेले, तर ग्लास घासलेला होता आणि पाणी ताजं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. प्रसादला मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. तुला माहीत आहे तो कसा आहे.

हे लिहावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. लिहून काही सुचवायचं नाही मला. झालं ते सांगितलं, इतकंच.

बी वाचेल का?

इरावती


राधानगरी
१७ मे २०२४

ती. काकू,

वाचेल. फुटायलाच हवी. त्या भेगेतून खाली पांढरं मूळ दिसेल, आणि ते चांगलं लांब झालं की वरून कोंब. आता घाई करू नका. पानं आली की कुंडीत लावा. माती भुसभुशीत घ्या, तळाला विटेचे तुकडे टाका. बी अर्धी मातीच्या वर राहू दे. पाणी साठलं की मुळं कुजतात, एवढंच एक त्याचं दुखणं.

आणि एक काम मात्र न चुकता करायचं. रोप वीतभर झालं की शेंडा कापायचा. अर्ध्यावर. नाहीतर ते काठीसारखं नुसतं वर जातं आणि वाकतं. कापलं की बाजूने फांद्या फुटतात.

प्रसादनी पाणी बदललं हे वाचून मला बरं वाटलं. त्याहून जास्त काही वाटलं नाही, याचंही बरं वाटलं. आम्ही भांडलो असतो तर कदाचित टिकलो असतो. आमचं बोलणंच आटलं होतं. तुम्ही जेवणाच्या टेबलावर दोघांच्या मध्ये बसून एकटीच बोलायचात. भाजीबद्दल, पावसाबद्दल, पोस्टात आलेल्या खुळ्या माणसांबद्दल. त्या घरातलं मला जर काही आठवत असेल तर ते तुमचं बोलणं.

ताप पुन्हा आला तर अंगावर काढू नका. कोरा चहा पिऊन ताप जात नाही, आई.

अनुजा

(‘आई’ लिहून गेले. खोडलं तर घाण दिसेल, म्हणून राहू दिलं.)


कोल्हापूर
२ जुलै २०२४

चि. अनुजा,

खोडू नकोस. 

कुंडीत लावलं. सहा पानं आहेत. वरची दोन तांबूस, खालची हिरवी. दुपारी मान टाकतात आणि पाणी मिळालं की पुन्हा ताठ. मला ती दुपारची मान टाकलेली बघवत नाही, तेव्हा मी स्वयंपाकघरात जातच नाही.

शेंडा कापलेला नाही. कात्री घेऊन दोनदा उभी राहिले. एकदा कोथिंबीर कापली आणि एकदा दुधाची पिशवी. इतकी मेहनत घेऊन वर आलेलं कापायचं कसं? तू असतीस तर कापलं असतंस. तुझा हात असल्या कामाला घाबरत नाही.

फळ कधी धरतं? कुलकर्णीबाई विचारत होत्या. आता त्याही रोज बघायला येतात.

आई


राधानगरी
१५ जुलै २०२४

ती. आई,

फळाचं मनात आणू नका. बीपासून वाढवलेल्याला आठ-दहा वर्षंही लागतात, आणि कधी येतच नाही. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, ‘मग कशाला पाळायचं? म्हस बरी, दूध तरी देती.’ आणि थोड्या वेळाने स्वतःच, ‘सावली पडंल की पर. सावलीला काय फळ लागतंय?’

शेंडा कापा. मी इतक्या लांबून कापू शकत नाही.

अनुजा


कोल्हापूर
५ सप्टेंबर २०२४

चि. अनुजा,

थोडक्यात लिहिते. घराला रंग द्यायचा आहे. स्वयंपाकघर नवीन करायचं चाललं आहे, ओटा बदलेल, खिडकीत कपाट येईल. झाड आता कुंडीत मावत नाही आणि इथं मोठ्या कुंडीला जागा नाही. शेंडा राहूनच गेला, त्यामुळे उंच होऊन एका बाजूला कललं आहे. दोऱ्याने गजाला बांधून ठेवलं आहे.

तू नेशील का? किंवा कुणी येणार असेल तर त्याच्या हाती देईन.

इरावती


राधानगरी
१६ सप्टेंबर २०२४

ती. काकूंना नमस्कार.

झाडाची अडचण होत असेल तर कुणालाही देऊन टाका. कुलकर्णीबाईंना आवडतंच. नाहीतर कुठल्याही रोपवाटिकेत विचारा. मी फेब्रुवारीतच फेकून द्या म्हटलं होतं.

इकडून सध्या कुणी कोल्हापूरला येणार नाही.

अनुजा


कोल्हापूर
३ ऑक्टोबर २०२४

चि. अनुजा,

तू मला पुन्हा काकू केलंस. माझ्या पत्रावरून दुसरं काही करणं तुला शक्यच नव्हतं. मी तुला सगळं सांगितलं नाही आणि सांगितलं तेवढंच तू वाचलंस.

प्रसादचं लग्न ठरलं आहे. नोव्हेंबरच्या शेवटी. मुलीचं नाव पूर्णिमा, हातकणंगल्याची. तिचंही पहिलं लग्न मोडलेलं आहे. मुलगी समजूतदार आहे. ही ओळ लिहायला मला फार वेळ लागला, पण ती खरी आहे.

स्वयंपाकघर तिच्यासाठी नवीन होतं आहे. ती घर बघायला आली होती. खिडकीत झाड दिसलं तर म्हणाली, ‘हे कसलं हो?’ मी म्हटलं, ‘आंब्याचं.’ का म्हटलं कोण जाणे. तिने एक पान चुरलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. आंब्याच्या पानाचा वास काय मला माहीत नाही का? आणि तिला नसेल? माझ्या कानापर्यंत आग झाली. चौसष्टाव्या वर्षी मी एका पोरीशी झाडावरून खोटं बोलले.

त्या दिवशी ठरवलं. तिच्या खिडकीत मी तुझं झाड ठेवून तिला रोज त्यातून बाहेर बघायला लावणार नाही. तिला या घरात पहिल्यापासून सगळं तिचं मिळायला हवं. तुला ते मिळालं नव्हतं. माझे डबे, माझी जागा, माझं बोलणं यांतच तू नऊ वर्षं स्वतःला बसवून घेतलंस.

झाडाचं जे खरं, तेच पत्रांचंही खरं. मी इथं बसून तुला लिहायचं, तुझं पत्र आलं की लपवून वाचायचं, हे तिच्या बाबतीत बरं नाही. प्रसाद काही म्हणालेला नाही. माझं मलाच वाटतं. म्हणून हे शेवटचं पत्र समज.

झाड मात्र परक्याला देणार नाही. ते तुझ्याकडे कसं पोचवायचं एवढंच कळव.

या वर्षी पोस्टमन दारात दिसला की मी चप्पल न घालता खाली जात होते. हे तुला माहीत असावं.

आई


राधानगरी
१२ ऑक्टोबर २०२४

ती. आई,

पूर्णिमाच्या खिडकीत माझं झाड नको, हे पटलं. त्यांचं चांगलं होवो. हे मी मनापासून लिहिते आहे; आधी कच्चं लिहून बघितलं आणि मग इथं उतरवलं.

झाड इकडेच येऊ दे. परड्यात उताराला जागा आहे. पावसाचं पाणी तिथं थांबत नाही, आणि आत्याने आत्तापासूनच मातीचा उंचवटा करायला घेतला आहे. पण कुणाच्या हाती पाठवू नका. तुम्ही घेऊन या. लग्न पार पडलं की नव्या जोडप्याला घर मोकळं हवंच असतं. चार दिवस राहायला या.

तुम्हाला माहेरी जाऊन किती वर्षं झाली? सांगलीचे मामा गेल्यानंतर तुम्ही कुठे गेल्याचं मला आठवत नाही. दर दिवाळीत मला बस स्टँडवर पोचवायला यायचात आणि खिडकीतून पिशवी देताना म्हणायचात, ‘पोटभर झोप.’

आत्याशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

‘माहेरपनाला बोलीव की तिला,’ आत्या म्हणाली.

‘आत्या, त्या माझ्या सासूबाई होत्या.’

‘मग? सासू व्हायच्या आदी कुनाची तरी पोरगीच हुती की.’

‘लोक काय म्हणतील?’

‘म्हनतील, पावनं आल्यात. पावन्याला कोन जात-गोत इचारतंय? ये म्हनावं. आन् साडी बरी नेसून ये म्हनावं.’

पत्रं थांबवायची की नाही, ते इथं आल्यावर समोरासमोर सांगा. कागदावर सांगितलेलं मी ऐकणार नाही.

अनुजा


कोल्हापूर
१ डिसेंबर २०२४

चि. अनुजा,

लग्न झालं. मी फार दिवस गप्प राहिले. लग्नघरात बसायला जागा नव्हती, लिहायला कुठली असणार. आणि मनाची तयारी होत नव्हती.

गुरुवारी सकाळच्या राधानगरी गाडीने येते. झाड बरोबर आहे. कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं तर देईन, पण डिकीत ठेवणार नाही. मांडीवर घेईन.

मी माहेरी चालले आहे असं पूर्णिमाला सांगितलं. या वेळी खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

साडी जुनीच आहे. आत्यांना सांगून ठेव.

आई


राधानगरी
११ डिसेंबर २०२४

ती. आई,

तुम्ही गेल्यावर घर मोठं वाटतं आहे. आत्याने पहिल्या दिवशी तुमची वाकळ घडी करू दिली नाही. म्हणाली, ‘असू दे, जागा ऊबदार हाय.’

झाड ठीक आहे. दोन पानं गाळली, पण नवीन जागेत तेवढं गाळतंच. आणि शेंड्याचा प्रश्न मिटला. तुमची गाडी वळणाआड गेली तशी आत्या परड्यात गेली आणि नखाने शेंडा खुडून परत आली. ‘दोघी मिळून चार दिस त्याच्याभवती कात्री घिऊन फिरला! झालं बगा.’

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. निघायच्या दिवशी तुम्ही न्हाणीत होतात, तेव्हा मी आत्याला म्हटलं, आईंची ओटी भरूया. ती विळीवरून न उठता म्हणाली, ‘कशी भरायची? ती इधवा, मी इधवा, तुजं हे असं. तिघीत मिळून एक सवाष्न न्हाय.’

तिचा कांदा चिरून झाला. मग विळी आडवी करून तीच म्हणाली, ‘तांदूळ आपल्या शेतातलं. पदर तिचा. मधी इचारायचं कुनाला?’ आणि ट्रंकेतून खण काढायला गेली. तो खण तिने माझ्यासाठी ठेवला होता, दुसऱ्या लग्नाला. तुम्हाला दिला. मला म्हणाली, ‘तुला घिऊ दुसरा, काय घाई हाय?’

नारळाच्या जागी ते ॲव्होकाडोचं फळ मी ठेवलं. संस्थेच्या कामाला कोल्हापूरला आले होते तेव्हा घेतलं होतं. तेव्हा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरले. आत्याने ते आंब्यासारखं पेंढ्यात घातलं होतं, तरी पिकलं नाही. दगडासारखं ते हिरवं फळ पदरात बघून तुम्ही आधी हसलात आणि मग तोच पदर डोळ्यांना लावलात. तांदूळ सगळे अंगणात. कोंबड्यांची चंगळ झाली. आत्या अजून सगळ्या गावाला सांगते आहे.

पत्रं थांबवायची की नाही, ते तुम्ही चार दिवसांत एकदाही काढलं नाहीत. मीही काढलं नाही. आता वाट बघते.

अनुजा


कोल्हापूर
२८ डिसेंबर २०२४

चि. अनुजा,

ते फळ मी तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. परवा दाबून बघितलं तर मऊ झालेलं. पूर्णिमाने चिरलं. मी माझ्या वाट्याचं केळ्याच्या शिकरणासारखं दूध-साखर घालून खाल्लं, तिने मीठ-मिरची लावून. प्रसादने एक फोड घेतली, चावली, आणि मी ‘साबण’ ऐकायला तयार होऊन बसले. तो म्हणाला, ‘बरं लागतंय.’ मग पाणी प्यायला गेला.

पूर्णिमा बी टाकायला निघाली. माझ्या तोंडून ‘थांब’ असं निघालं. आता खिडकीत कपाट आहे, पण त्याच्या बाजूला एक ग्लास राहील एवढी जागा उरली आहे. ती तिनेच दाखवली. टूथपिक शोधून आणल्या, ग्लासात पाणी घेतलं, आणि बी ठेवली. टोक खाली करून.

मी तिचा हात धरला. म्हटलं, ‘टोक वर, बूड पाण्यात.’

‘तुम्हाला कसं हो माहीत?’

‘मीही उलटी ठेवली होती. अनुजाने सांगितलं, पत्रातून.’

या घरात तुझं नाव मोठ्याने घेतलं गेलं, कितीतरी महिन्यांनी. मी ओट्याकडे बघत उभी राहिले. तिने बी सुलटी केली, तोल नीट जमेपर्यंत एक टूथपिक काढून परत टोचली. मग म्हणाली, ‘आई, ते खिडकीतलं आंब्याचं झाड त्यांचंच होतं ना?’

मी हो म्हटलं.

‘मला वाटलंच. जाताना तुम्ही ते मांडीवर घेऊन रिक्षात बसलात. आंब्याला कोण एवढं करतं?’ आणि हात पुसत म्हणाली, ‘मग पत्रात विचारा ना त्यांना, पाणी किती दिवसांनी बदलायचं. माझ्याकडून विचारा.’

तेव्हा विचारते. पाणी किती दिवसांनी बदलायचं?

मला माहीत आहे. तरी तू लिही.

तुझी
आई